सांभाळायला आहे

ब्रदरांना बायको होती, तीन मुलं होती आणि सारखा नाकावरून घसरणारा चष्मा होता. संन्याशाचं म्हणावं असं त्यांच्यात काहीही नव्हतं, तरी अख्खा गाव त्यांना ब्रदर म्हणायचा. त्यांच्या बायकोला तर गावाने 'ब्रदरीण' करून टाकलं होतं. असा हुद्दा कुठल्याच धर्मात नसावा. आमच्या गावात मात्र होता, आणि ती बाई तो मोठ्या तोऱ्यात मिरवायची.

गाव नाशिकहून गिरणाऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, जरा आत. सत्तरच्या दशकात माझी तिथल्या प्राथमिक शाळेत नेमणूक झाली. खोली शोधत फिरत होते, तेव्हा जो तो एकच सांगायचा, "मठात बघा बाई." मठ म्हणजे बुवा, राख, धुनी असं काहीबाही डोक्यात घेऊन मी गेले. तिथे दगडी बैठी इमारत, लांबच लांब ओटा, वर क्रूस आणि मागे विहिरीपर्यंत पसरलेली काळ्या द्राक्षांची बाग. फार पूर्वी परदेशातून काही ख्रिस्ती ब्रदर इथे येऊन राहिले. लग्न न केलेले, पांढरे झगे घालणारे, दिवसभर मातीत राबणारे आणि घंटा वाजली की हातातलं टाकून प्रार्थनेला जाणारे. त्यांनी ही बाग लावली आणि मिस्सेसाठी, म्हणजे चर्चमधल्या उपासनेसाठी, द्राक्षारस करून गावोगावच्या चर्चना पाठवायला सुरुवात केली. गावाने त्यांना 'गोरे बुवा' ठरवलं आणि जागेला मठ. स्वातंत्र्यानंतर त्यांतले काही म्हातारे होऊन विहिरीमागच्या दफनभूमीत गेले, उरलेले मायदेशी परतले. बाग आली त्यांच्या माळ्याकडे, म्हणजे ब्रदरांच्या वडिलांकडे. वडिलांमागून ब्रदरांकडे, आणि बागेबरोबर ही पदवीही.

मला मिळाली ती फाटकाजवळची पाहुण्यांची खोली. बुवांच्या काळापासून ती वाटसरूंसाठी होती, म्हणून ती मला देताना ब्रदरांना काही मोडल्यासारखं वाटलं नाही. आतल्या खोल्या मात्र बंद. बुवांच्या खोल्या त्या. दर शनिवारी ब्रदर त्या उघडायचे, झाडायचे, गाद्या उन्हात टाकायचे आणि संध्याकाळी परत आत नेऊन कुलूप लावायचे. स्वतःचं सगळं कुटुंब मागच्या दोन माळी-खोल्यांत दाटीवाटीने राहायचं. जेवायला बुवांचं लांब टेबल होतं, दोन्ही बाजूंना बाकं. त्याच्या एका टोकाला हे पाच जण चिकटून बसून भाकरी खात आणि उरलेलं टेबल रोज पुसून मोकळं ठेवत. ओट्यावर एक उंच परदेशी सायकल टांगलेली होती. दर पावसाळ्याआधी ब्रदर तिला तेल द्यायचे. तिच्यावर कोणी कधी बसलेलं मी पाहिलं नाही.

आमचं घर नाशिकच्या बौद्ध वस्तीतलं. वडिलांनी धम्म घेतला तेव्हा पाचही शीलं घेतली, पण त्यांचा खरा जीव पाचव्यावर, दारूला न शिवण्याच्या. दारूने त्यांचा थोरला भाऊ नेला होता. तेव्हा 'मी द्राक्षांच्या मठात खोली घेतली' हे आईला सांगितल्यावर ती पुढच्याच बसने येऊन थडकली. ब्रदरांनी तिला ओट्यावर खुर्ची दिली आणि शांतपणे सांगितलं, "आई, इथं दारू नाय बनत. द्राक्षारस बनतो."

"पिल्यावर चढतो का?" आईने विचारलं.

ब्रदर खोटं बोलणाऱ्यांतले नव्हते. थोडा विचार करून म्हणाले, "चढतो. थोडा."

"मग ती दारूच."

यावर ब्रदर इतके मनापासून हसले की आईचा रागच गेला. त्यानंतर हंगामात ती आली की ताज्या रसाचा पेला तिच्यापुढे यायचा. "घ्या आई, हा अजून मुका हाय," असं ते म्हणायचे. त्या बोलण्याचा अर्थ मला नंतर कळला.

इमारतीच्या पोटात अर्धी जमिनीखाली गेलेली एक थंडगार कोठी होती. तिथे लाकडी पिंपांत रस आंबायला ठेवत. आंबताना तो बारीक बुडबुडतो. ब्रदर त्याला 'रस बोलतो' म्हणत, आणि रस बोलत असताना माणसांनी बोलायचं नाही, हा बुवांचा नियम. परवान्याच्या तपासणीला येणारे साहेबसुद्धा कोठीत शिरले की बोटांनी खुणा करून पिंपं मोजायचे. हे साहेब दरवर्षी बाहेर आल्यावर मोठ्याने विचारायचे, "काय ब्रदर, दारू कशी झालीय यंदा?" आणि ब्रदर दरवर्षी तितक्याच गंभीरपणे सांगायचे, "दारू नाय साहेब, द्राक्षारस." मिस्सेची वाइन चाखलेल्या माणसांनी मला सांगितलंय की ती बऱ्यापैकी आंबट असायची. ब्रदरांच्या पुढ्यात हे बोलायची हिंमत कुणाची नव्हती, माझीही नाही.

या नियमाने सगळ्यात जास्त गांजली ती ब्रदरीण. ती बाई झोपेतही बोलायची. त्यामुळे तिला कोठीत बंदी होती, आणि काही अप्रिय ऐकायचं नसलं की ब्रदर नेमके कोठीत जाऊन बसायचे. एकदा ती त्यांच्या पाठोपाठ आत घुसली. मी दारातून पाहत होते. तिने बंद खोल्यांच्या दिशेने हात केला, मग मुलाच्या उंचीएवढा हात वर धरला, मग बोटाने डोक्यावर मुंडावळ्या बांधून दाखवल्या आणि शेवटी कपाळावर हात मारून घेतला. ब्रदरांनी ओठांवर बोट ठेवलं. तिने पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि पुन्हा सगळं पहिल्यापासून करून दाखवलं. असं कडाक्याचं भांडण मी कधी ऐकलं नाही, म्हणजे पाहिलं नाही. मला हसू आवरत नव्हतं, पण त्या माऊलीचं म्हणणं खरं होतं.

थोरला योसेफ लग्नाचा झाला होता. सातपूरच्या एका कारखान्यात हंगामी कामाला जायचा, पण त्याचा ओढा बागेकडे. आजूबाजूला सगळ्यांनी थॉमसनची बिनबियांची द्राक्षं लावली होती, त्यांच्या पेट्या मुंबईला जात होत्या, कौलांच्या जागी स्लॅब पडत होते. योसेफचं म्हणणं एवढंच, की जुने वेल काढू, मांडव घालू, थॉमसन लावू. ब्रदर नाही म्हणत नसत, हो म्हणत नसत. म्हणत, "आपली असती तर केलं असतं, बाळा. सांभाळायला हाय."

'सांभाळायला आहे' हे त्यांचं पालुपद होतं. बागेचं कौतुक करा, सांभाळायला आहे. विहीर कोणाची? सांभाळायला आहे. एकदा माझ्यासमोर योसेफचा तोल गेला. "सातबाऱ्यावर तुमचं नाव हाय, दादा! आजोबांच्या नावावर करून दिलं त्यांनी, आता तुमच्या नावावर हाय!" त्यावर ब्रदर चष्मा वर सारत म्हणाले, "सातबारा तलाठ्यानं लिवला. मला लांबड्या ब्रदरनं सांगितलंय."

काय सांगितलंय, ते मी त्यांना एकदा विचारलं. बुवांतले सगळ्यात शेवटी मायदेशी गेले ते लांबडे ब्रदर. टांगलेली सायकल त्यांचीच. जाण्याच्या दिवशी मोटार फाटकाशी आली. आमचे ब्रदर तेव्हा जेमतेम विशीतले, वडिलांशेजारी उभे. मोटार सुरू झाल्यावर लांबड्या ब्रदरांनी डोकं बाहेर काढलं, या दोघांकडे पाहिलं, मागच्या बागेकडे पाहिलं आणि म्हणाले, "सांभाळा." तेवढंच. वडिलांनी मरेपर्यंत तो शब्द धरला आणि मरताना मुलाच्या हातात दिला. माझ्या वर्गातल्या पोरांना मी दिवसाला शंभर गोष्टी सांगायचे, त्यातली एक संध्याकाळपर्यंत टिकत नसे. मला त्या लांबड्या ब्रदरांचा खरोखर हेवा वाटला.

हेवा वाटला तरी मला ते पटत होतं असं नाही. संगमनेरकडून योसेफला मुलगी सांगून आली होती, नर्सचं शिकलेली. तिचे वडील ओट्यावर बसले, चहा झाला, बागेवर खूश होऊन त्यांनी विचारलं की किती एकर आहे आपली.

"आपली नाय," ब्रदर म्हणाले. "सांभाळायला हाय."

कोणाची, तर ब्रदर लोकांची. ते कुठे असतात, तर माहीत नाही. परत कधी येणार, तर तेही माहीत नाही. पाहुण्यांनी कपबशी खाली ठेवली आणि टोपी डोक्यावर. ब्रदरीण त्यांच्यामागे सातबारा सातबारा म्हणत फाटकापर्यंत धावली, पण घरचा कर्ताच आपली नाही म्हणत असताना कागदाचं कोण ऐकणार? योसेफ त्या रात्री रात्रपाळीला गेला तो आठवडाभर घरी आला नाही. मी त्या दिवशी ब्रदरांना तोंडावर सांगितलं की तुमचा शब्द तुमच्या मुलाच्या मानेवर बसलाय. ते उठले आणि प्रार्थनेची घंटा वाजवली.

ती घंटा बुवांच्या वेळेप्रमाणे वाजायची, पहाटेपासून. माझी झोपमोड व्हायची आणि मी उशीत तोंड खुपसून त्या बुवांच्या नावाने बोटं मोडायचे. गावाला मात्र ती हवी होती. चूल पेटवणं, मोट सोडणं, पोरांना शाळेत पिटाळणं, सगळं त्या घंटेवर. प्रार्थनेला घरातले चार जणसुद्धा नसत. मग वाजवता कशाला, असं विचारलं तर ब्रदर म्हणाले, "बागेला सवय हाय."

ऐंशीनंतरची गोष्ट. द्राक्षं काळी झाली होती, तोडणी तोंडावर आली होती. रविवारी दुपारी फाटकाशी एक टॅक्सी थांबली आणि तिच्यातून नाशिकचे एक तरुण मराठी फादर उतरले. त्यांच्या मागून, काठी आधी आणि मग पाय असं करत, एक खूप उंच, खूप म्हातारा गोरा माणूस. ब्रदरांनी त्यांना क्षणात ओळखलं. धावत जाऊन ते पाया पडले. मग आत गेले, सगळ्या किल्ल्या पितळी ताटात ठेवून आणल्या आणि ते ताट म्हाताऱ्याच्या पुढ्यात धरलं.

"सांभाळलं," ते म्हणाले. ताटात किल्ल्या वाजत होत्या.

लांबड्या ब्रदरांना काही उमगेना. ते ताटाकडे पाहत राहिले, मग फादरांकडे. फादरांनी ब्रदरांकडून सगळं ऐकून घेतलं आणि इंग्रजीत समजावलं. त्या दिवशी तुम्ही 'सांभाळा' म्हणालात, म्हणून यांनी तीस वर्षं हे सांभाळलंय, आता परत घ्या म्हणताहेत. ते ऐकून म्हातारा आधी हसला. मग हसता हसता थांबला. टांगलेल्या सायकलीकडे काठी करून, गंज चढलेल्या मराठीत एकेक शब्द शोधत तो सांगू लागला. तो या सायकलवर पाव, भाजीपाला आणायला, चिठ्ठ्या टाकायला गावातून जायचा. सायकल उंच, रस्त्यात खड्डे. वाटेत जो भेटेल तो, शेतातल्या बाया, बैलगाडीवाले, सगळे त्याला पाहून ओरडायचे, "ब्रदर, सांभाळा!"

"मला वाटला," म्हातारा म्हणाला, "सांभाळा म्हणजे... येतो. बाय बाय."

मग त्याने ताट हळूच ब्रदरांकडे ढकललं. "दिला होता. तुझ्या बापाला दिला. तुला दिला. आमचा नाही."

त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. ते हसण्याचं होतं की कशाचं, ते त्यालाही सांगता आलं नसतं. निघण्याआधी तो विहिरीमागे आपल्या सोबत्यांच्या थडग्यांपाशी जाऊन आला. प्रत्येक थडग्यावर ताजा चुना पाहून त्याने ब्रदरांना मिठी मारली, आणि टॅक्सी गेली. या वेळी जाताना तो काहीच बोलला नाही. शब्दाची धास्ती घेतली असावी.

ज्या गोष्टीसाठी ब्रदरीण आयुष्यभर भांडली, ती आता झाली होती. मला वाटलं, ती गावभर सांगत सुटेल. ती बागेत गेली. ब्रदर वेलांखाली जमिनीवर बसले होते, पाय पसरून, चष्मा हातात. ती त्यांच्या शेजारी बसली आणि अंधार पडेपर्यंत एक अक्षर बोलली नाही. मी तिला एवढा वेळ गप्प बसलेली त्याआधी पाहिली नव्हती, नंतरही नाही.

त्या संध्याकाळी घंटा वाजली नाही. गावातली माणसं एकेक करून फाटकाशी येऊन विचारू लागली, ब्रदरला काय झालं. मी सगळ्यांना बरं नाही म्हणून परत पाठवलं. घंटेला शिव्या देणारी मी, पण मला त्या दिवशी चूल कधी पेटवायची तेच सुचेना. अख्ख्या आयुष्याचं व्रत एका डुगडुगत्या सायकलवरून आलंय, हे ज्याला कळतं त्याच्या मनाचं काय होत असेल? मला त्यांची फार काळजी वाटली.

दुसऱ्या दिवशी पहाटे घंटा वाजली. मी उठून ओट्यावर गेले, तर ब्रदरांनी योसेफला समोर बसवलं होतं. म्हणाले, रस्त्याकडचा मोठा तुकडा तुझा. वेल काढ, थॉमसन लाव, काय करायचं ते कर. खोल्या उघडा, तुझी खोली तू निवड. विहिरीकडचा लहान तुकडा तसाच राहील, आणि कोठीही चालू राहील.

योसेफला आनंद झाला होता, पण त्याला कोडंही पडलं. "तो तरी कशाला ठेवायचा, दादा? त्यांनी सांगितलंच नव्हतं, आता कळलं ना?"

"कळलं," ब्रदर म्हणाले. "त्यांनी नव्हतं सांगितलं. मंग येवढी वर्सं मी कुणाच्या सांगण्यावरून केलं? माझ्याच ना? म्हंजे तो तुकडा माझा झाला."

'माझा' हा शब्द त्यांच्या तोंडून मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. तो उच्चारल्यावर ते थोडे दचकले आणि मी ऐकलं का, हे त्यांनी चष्म्यावरून पाहून घेतलं.

ब्रदरणीने संगमनेरला निरोप धाडला. मुलीचे वडील पुन्हा आले, सावधपणे खुर्चीच्या कडेला बसले आणि पुन्हा तोच प्रश्न विचारला. ब्रदरीण दारात श्वास रोखून उभी होती. "आपलीच हाय," ब्रदर म्हणाले, गरजेपेक्षा बऱ्याच मोठ्याने. लग्नाच्या दिवशी ते लांब टेबल या टोकापासून त्या टोकापर्यंत भरलं. बाकांवर जागा पुरेना म्हणून पोरांना मांडीवर घ्यावं लागलं. ब्रदर वाढत फिरत होते, आणि मधूनच थांबून टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला बसलेल्या माणसांकडे बघत राहायचे. माझ्या आईसमोर त्यांनी मुक्या रसाचा पेला ठेवला. नव्या सुनेने शिष्टाचार म्हणून आईला दुसरा, बोलणारा पेला देऊ केला, तेव्हा ब्रदरच मध्ये पडले. "त्यांना नको. त्यांच्यात ती दारू."

पुढे माझी बदली सुरगाण्याला झाली. निघायच्या दिवशी ब्रदर रस्त्यापर्यंत माझी ट्रंक घेऊन आले. वळकटी करून आणलेलं ओलं गोणपाट त्यांनी माझ्या हातात दिलं. आत त्यांच्या तुकड्यातल्या छाटणीच्या काळ्या काड्या होत्या. जीप आली, नेहमीप्रमाणे टपापर्यंत भरलेली. मला मागच्या फळीवर कशीबशी जागा मिळाली, एक पाय आत, एक बाहेर. जीप हलली आणि ब्रदर म्हणाले, "बाई, सांभाळा."

त्यानंतर मी त्यांना दोनदाच भेटले. ऐंशीचं दशक सरता सरता ते गेले. मी पोचले तोवर त्यांना विहिरीमागे, बुवांच्या ओळीत ठेवलं होतं. योसेफच्या थॉमसनच्या पेट्या मुंबईच्या गाडीत भरल्या जात होत्या, कोठीत रस बोलत होता. ब्रदरीण मला हाताला धरून आत घेऊन गेली आणि आम्ही दोघी बराच वेळ तिथे न बोलता उभ्या राहिलो. संध्याकाळी सुनेने घंटा वाजवली. मला तेव्हा रडू आलं.

सुरगाण्याच्या पावसात सगळ्या काड्या कुजल्या, एक सोडून. ती मी डब्यात लावली, पुढच्या बदल्यांत बरोबर नेली आणि शेवटी नाशिकच्या घरी कुंपणाशी रोवली. द्राक्षं लागतात, काळी आणि बियांनी भरलेली, इतकी आंबट की चिमण्याही एक टोच मारून उडून जातात. घरातले काढून टाक म्हणतात. मलाही कळतं, त्या दिवशी मी जीपच्या मागे अर्धी बाहेर लटकत होते, रस्त्यात खड्डे होते, तेव्हा सांभाळा म्हणजे दांडा घट्ट धरा, एवढंच असणार. तरी दर ऑक्टोबरला मी कात्री घेऊन छाटणीला उभी राहते, आणि कोणी विचारलंच की हा वेल कोणाचा, तर सांगते, सांभाळायला आहे.